दामूकाकांचं ‘आधी हात’

जव्हारला एसटी स्टँडच्या मागे दामूकाकांचं जुन्या, दुर्मीळ पुस्तकांचं दुकान आहे. दारात बादली, साबण आणि पंचा. गिऱ्हाईक पायरी चढलं की काका चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, “आधी हात.” मी शाळेत मराठी शिकवतो, कित्येक वर्षं त्यांच्याकडे जातो, तरी मला सूट नाही. एकदा धुऊन दाखवले तर म्हणाले, “मागची बाजूपण, मास्तर.”

विकण्यात त्यांना फारसा रस नाही. घरात वाळवी आहे का, पान दुमडता का, पुस्तक उशाला घेता का, अशी सगळी चौकशी होते. शिरपामाळ बघून आलेले एक पर्यटक साहेब म्हणाले, “काहीतरी जुनं द्या, हॉलमध्ये शोभेल असं.” काकांनी त्यांना शांतपणे समोरचं भांड्यांचं दुकान दाखवलं. “तांब्या घ्या. तो वाचावा लागत नाही.”

गेल्या उन्हाळ्यात सूर्यमाळहून साठीच्या जानकीबाई आल्या. आश्रमशाळेत चौथीत असताना वाचलेलं एक पुस्तक त्यांना हवं होतं.

“नाव नाय ठावं,” त्या म्हणाल्या. “पोरगी आटलेल्या नदीला चिठ्ठी लिवते, ती गोष्ट.”

काकांनी दीड महिना शोधलं. गोण्या उपसल्या, नाशिकच्या रद्दीवाल्यांना फोन केले. पुस्तक मिळालं नाही. मग एके सकाळी दुकानाला कुलूप लावून ते सूर्यमाळला गेले, मिळालं नाही एवढंच सांगायला.

“निरोप धाडायचा कुणाबरोबर तरी,” मी नंतर म्हटलं.

“बाई वाट बघत होत्या. निरोपावर कसं सांगायचं?”

जानकीबाईंनी त्यांना ओट्यावर बसवलं, कोरा चहा दिला आणि आठवेल तशी ती गोष्ट सांगितली, पार दुपारपर्यंत. काकांनी ती वहीत उतरवून घेतली. वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली. ‘लिवते’, ‘पानी’, ‘नाय ठावं’. सवयीने मी लाल पेन काढलं. काकांनी वही ओढून घेतली.

“राहू द्या, मास्तर. त्या असंच बोलल्या.”

मग ते नुसतेच पानं उलटत राहिले. “आमची ही जाऊन अकरा वर्षं झाली,” म्हणाले. “दुकानात माणसं येतात, पुस्तकाचं विचारतात, जातात. इतका वेळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.”

मी लाल पेन खिशात ठेवलं. काकांनी वही पिशवीत घातली.

“सोमवारी दुकान बंद राहील,” ते म्हणाले. “गोष्टीचा शेवट त्यांना आठवत नव्हता. आठवून ठेवते म्हणाल्या.”