कवळी आणि मूठभर मीठ

जगातल्या सगळ्या वस्तू तापल्या की पातळ होतात, माझी वस्तू तापली की घट्ट होते, असं धाकट्या जावयाने रात्री जेवताना छाती फुगवून जाहीर केलं. लाकडाच्या लगद्यापासून केलेलं त्याचं द्रावण गार असताना निव्वळ पाणी, आणि गरम होताच खरवसासारखं थिजायचं. ते जखमेवर ओतावं आणि अंगाच्या उबेनेच घट्ट व्हावं, एवढंच त्याचं स्वप्न. पण ते थिजायला चहाइतकं कढत लागायचं. साखर घातली, ग्लिसरीन घातलं, स्पिरिट घातलं, तरी जमेना. मीठ घातलं तर कमी उबेलाही थिजायचं, पण प्रमाण चुकलं की नासक्या दुधासारखं फाटायचं.

ऐकता ऐकता सासरेबुवांनी जांभई दिली आणि त्यांची कवळी ताटात पडली.

हीच तर घरातली खरी काळजी होती. उद्या कचेरीत सासरेबुवांचा निरोपसमारंभ. उभा जन्म साहेबांची भाषणं ऐकण्यात गेल्यावर पहिल्यांदाच त्यांना बोलायला मिळणार होतं, आणि नेमकी कवळी सैल.

आता, गार पाण्यात कवळी आवळते असा सासरेबुवांचा जुना समज. सकाळी त्यांनी फ्रीजमधला ग्लास काढून त्यात कवळी बुडवली. ग्लास जावयाच्या द्रावणाचा! बोटांना बुळबुळीत लागलं, म्हणून त्यांनी वरून कढत पाणी ओतलं. बघता बघता ग्लासात पांढरा दगड झाला आणि दगडाच्या आतून कवळी हसायला लागली.

"जावईबापू," सासरेबुवा बोळक्या तोंडाने म्हणाले, "माझे दात द्या."

सासऱ्यांचा तो चेहरा पाहून जावयाची सगळी विद्या पळाली. रात्री स्वतःच दिलेलं व्याख्यान विसरून तो म्हणाला, "गरम करा, वितळेल."

सासूबाईंनी ग्लास उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवला. दगडाचा खडक झाला. मिठाने बर्फ वितळतो तर हे का नाही, असं म्हणत त्यांनी ग्लासात मूठभर मीठ टाकून चमच्याच्या दांड्याने खुपसलं. तेव्हा कुठे जावयाच्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, मीठ नको! आता ते साध्या गारव्यालाही सुटणार नाही!"

मग बर्फ आणा, पंखा लावा, ग्लास फ्रीजरमध्ये कोंबा, अशी एकच धांदल उडाली. दारात कचेरीची गाडी हॉर्न वाजवत होती. सासरेबुवा फ्रीजरसमोर खुर्ची टाकून, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे बसले. बऱ्याच वेळाने खडक सुटला, पाणी झालं आणि कवळी डुबकन खाली गेली. धुवायला वेळ कुणाला? ती तशीच झटकून तोंडात गेली. पोटात गेलं तरी अपाय नाही, असं जावई सांगत होता, पण ऐकायला कुणी थांबलंच नाही.

समारंभात जावई पहिल्या रांगेत बसला. कवळी पडलीच तर झेलायला त्याने मांडीवर रुमाल पसरला होता. सासरेबुवा उठले. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. साहेबांचं नाव घेताना कवळी हमखास निसटायची, तेही खणखणीत पार पडलं. मग टाळ्या, हशा, शेवटी सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. जावयाने रुमालाने आपला घाम पुसला. सकाळपासून त्याने पहिल्यांदाच नीट श्वास घेतला होता.

आणि मग तो ताडकन उभाच राहिला. तोंडाच्या उबेने कवळीखाली द्रावण थिजलं होतं! फाटलं नव्हतं, ढिलं पडलं नव्हतं. इतके दिवस डोकं फोडून जे जमलं नाही, ते सासऱ्यांच्या हिरड्यांवर जमलं होतं.

घरी येताच सासरेबुवा कवळी सुटावी म्हणून बर्फाचा खडा चघळत बसले, आणि जावयाने थेट स्वयंपाकघर गाठलं.

"सासूबाई, मीठ नेमकं किती घातलं होतं?"

सासूबाईंनी मूठ भरून दाखवली. त्याने ती वजनकाट्यावर रिकामी करून घेतली. खात्रीसाठी पुन्हा भरायला सांगितली, तर दुसऱ्या वेळी जवळजवळ दुप्पट भरली.

"यातली कुठली?" त्याने रडवेल्या आवाजात विचारलं.

"आता ते कसं सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "मी सगळं अंदाजानेच घालते."