ढोबळेजींच्या खिडक्या

आमच्या गल्लीत उंदीर शिरला नाही अशी एकच जागा आहे, ती म्हणजे ढोबळेजींचा कॉम्प्युटर. माऊस या वस्तूशी त्यांचं वैर आहे. जबलपुरातल्या ओमतीच्या बाजारातून सुटे भाग आणून त्यांनी स्वतःच्या हातानं मशीन जोडलं, तेव्हा दुकानदारानं माऊस फुकट देऊ केला होता. ढोबळेजींनी तो काउंटरवर परत ठेवला आणि म्हणाले, "भैया, इसे आप ही पालिए."

पुंडलिक ढोबळे सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. आडनाव ढोबळे, पण जन्मात ढोबळ असं काही केलं नाही. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, जन्म जबलपूरचा. घरात मराठी बोलतात, दारात हिंदी, आणि रागावले की दोन्ही. त्यांची न् माझी भिंत एक असल्यामुळे त्यांच्या प्रत्येक नव्या खुळाचं पहिलं व्याख्यान मला ऐकावं लागतं. मी निवृत्त मास्तर. जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं, त्याची ही फेड असावी.

तुमच्याआमच्या कॉम्प्युटरवर खिडक्या उघडतात त्या एकीवर एक. खालची झाकली गेली की माऊस धरून वरची ओढत बसा. ढोबळेजींच्या पडद्यावर हे खपत नाही. तिथे पहिली खिडकी सगळा पडदा व्यापते, दुसरी उघडली की पहिली निमूट अर्धी होते, तिसरी आली की आणखी वाटणी. एक बंद केली की उरलेल्या सरकून जागा भरून काढतात. आणि हे सारं कळफलकावरून. उघडायला चित्र नाही, बंद करायला फुली नाही. नवखा माणूस समोर बसला तर त्याला नुसता काळा पडदा दिसतो आणि तो लाईट गेली का विचारतो.

"एकावर एक नाही पाहिजे, मास्तर," ढोबळेजी सांगतात. "शेजारी-शेजारी. कोणी कोणाले झाकून नाही राहिलं पाहिजे."

हे तत्त्वज्ञान पडद्यावर राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण ते घरभर पसरलं. ढोबळेजींच्या ताटात वरण भातावर पडत नाही, भाताच्या शेजारी बसतं. त्यांच्या घरी वर्तमानपत्रांची रद्दी दिवाणभर अंथरलेली असते आणि पाहुणा उभा असतो.

या प्रकाराला टायलिंग म्हणतात, असं त्यांनी एकदा पानठेल्यावर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी गुप्ताजी दारात हजर. बड़ा फुहारा चौकात यांचं कापडाचं दुकान. चेहऱ्यावर सहानुभूती. चांगल्या कचेरीतल्या माणसाला म्हातारपणी काय काय करावं लागतं, असा भाव.

"ढोबळेजी, सुना है आप टाइल का काम करने लगे हैं. हमारा गुसलखाना देख लेते ज़रा."

ढोबळेजींनी त्यांना आत बसवून सगळं समजावलं. खिडकी कशी अर्धी होते, पाव कशी होते, कुठली कळ दाबली की कुठली सरकते. गुप्ताजींनी हात जोडून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "वो सब ठीक है. फुट का क्या लेंगे?"

ढोबळेजी ते न्हाणीघर बघायला गेलेही. कोपऱ्यातली एक फरशी शेजारणीवर किंचित चढली होती. ती त्यांना पाहवली नाही. गुप्ताजींना गवंडी बोलवायला लावून, ती सरळ होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग एक दिवस मला रश्मीचा फोन आला.

रश्मी ही ढोबळेजींची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन कॅनडात गेलेली. तिला दिवस गेले होते, आणि डॉक्टरांनी प्रवास टाळून जपायला सांगितलं होतं. तेव्हा तोंड बघून बोलायचं तर कॉम्प्युटरशिवाय सोय नव्हती.

"काका, तुम्ही तरी बाबांना समजवा ना," ती म्हणाली. "मम्मी म्हणते, मशीन बाबांशिवाय चालत नाही. मंग बाबा तिथंच बसून राहतात, पूरे टाइम. एक माऊस लावा म्हटलं तर चिडतात. बस, ज़िद है!" आणि आवाज बारीक झाला. "या दिवसांत मला मम्मीसोबत एकटीनं बोलावं वाटते, काका. बाबांसमोर सगळं कसं बोलू?"

मला राग आला. खूळ असावं, पण मायलेकींच्या मध्ये येऊन बसावं असं खूळ काय कामाचं? मी ओमतीला जाऊन माऊस विकत घेतला, तसाच ढोबळेजींच्या घरी शिरलो आणि तो टेबलावर आपटला.

"लावा हा."

"नाही लागत."

"अहो, पोरगी तिकडे रडते आहे. बायकोला मुलीशी चार शब्द बोलू देत नाही म्हणजे काय?"

ढोबळेजी कळफलकावर काहीतरी करत राहिले. वहिनी आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"मास्तर घरचेच आहेत," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि टेबलावरच्या माऊसवर त्यांनी उजवा हात ठेवला.

माऊस टेबलावर टकटक वाजू लागला. वहिनी हात दाबून धरत होत्या, तरी तो थांबेना. त्यांनी हात उचलून पदराखाली घेतला.

"पहिल्या कॉम्प्युटरले होता माऊस," ढोबळेजी पडद्याकडे बघतच बोलले. "रश्मी बोलून राहिली, आन् इचा हात हालला, का खिडकी बंद. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. मंग ही खुर्चीवरच बसेना."

"रश्मीला सांगायचं नाही?"

"या दिवसांत? धावत येईल ना पोरगी! बाप सनकी आहे, हे तिले लहानपणापासून माहीत आहे, मास्तर. त्याचा घोर तिले नाही लागत. चिडते, तं चिडू द्या."

इतके दिवस मी या माणसाला हसत होतो.

कळफलकाच्या कोपऱ्यातल्या एका मोठ्या कळीवर वहिनींची लाल टिकली चिकटवली होती. ढोबळेजी उठले. "आज जमलं. आता पाहा तू," ते वहिनींना म्हणाले. वहिनी खुर्चीवर बसल्या. त्यांचं बोट टिकलीवर नीट टेकेना, थरथरत पुन्हापुन्हा आपटलं. पण कळ कितीही वेळा दबली तरी मशीन ती एकदाच मोजत होतं. तेवढंच जमवायला ढोबळेजी आठवडे खपले होते. कॅमेराही उंचावर बांधला होता, फक्त चेहरा दिसेल असा.

पडदाभर रश्मी उघडली.

"मम्मी! तू लावलं? बाबा कुठं आहेत?"

"बाहेर गेले," वहिनी म्हणाल्या. दोन्ही हात त्यांनी मांडीवर घट्ट धरले होते.

बाहेर गेलेले बाबा पडद्यामागे उभे होते. त्यांनी माझा दंड पकडला, चपला हातात घेतल्या आणि आम्ही दोघं म्हातारे चवड्यांवर चालत ओसरीत आलो. आतून वहिनींचं हसू ऐकू आलं. ढोबळेजी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत बसले, आणि मी रस्त्यावरच्या सायकली बघत बसलो.

पुढच्या आठवड्यात रश्मीचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

"काका, मम्मी आता रोज एकटीच बोलते! पण बाबांनी माऊस लावला का नाही?"

"नाही ग," मी म्हणालो. "फार सनकी माणूस. मी तर हात टेकले."