मानाचे पहिले पान आणि गळालेले रकाने

उदकास कुंपण नाही, परंतु लिहिल्या शब्दास ठिकाण असावे, या भरवशावर हे लेखन मांडिले. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरे, श्रावण वद्य दशमी, ते दिवशी राजधानीत जो प्रकार जाहला तो ऐसा जे, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस डोंगर यांमध्ये एक राज्य, त्यात गावे एकशे बारा, आणि अलीकडे समुद्र वर्षागणिक चढू लागला, ऊन वाढले, डोंगरास दरडी सुटू लागल्या, म्हणोन राणीसाहेबांनी हुकूम फर्माविला की, बदलत्या हवेशी जुळवून घ्यावयास कोणत्या गावी काय केले आणि काय उणे आहे, ते गावानेच लिहून कळवावे. मग गावोगावची पाने संगणकाच्या दफ्तरात जमा जाहली, आणि त्या दफ्तरास एक खिडकी ठेविली, तिचे नाव एपीआय. तिजपाशी कोणत्या गावचे काय हवे ते नेमके लिहून मागावे आणि तिने तेवढीच नक्कल बाहेर द्यावी, ऐसा तिचा धर्म. त्या नकलांवरून एक यंत्र तक्ता आखी, आणि तक्ता पाहोन दरबार निर्णय करी. यंत्राची रचना दफ्तरदार विसाजीपंत यांची. चौदा वर्षे तक्ता त्यांचे हातचा, आणि चौदा वर्षांत कोणी बोट ठेविले नव्हते.

ऐशास भाद्रपद शुद्ध पंचमीस सभा भरावयाची होती. पौर्णिमेचे मोठे उधाण येण्यापूर्वी चौदा गावांच्या बांधांस पुरेल इतका दगड खाणीवर तयार होता, तो कोणास द्यावा हे तेथे ठरणार. तक्ता आला तो दिवाणसाहेबांनी वाचला, आणि त्यात रकाने नऊ: गाव, वस्ती, झाडे, तळी, सावलीची ठिकाणे आणि ऐसेच आणखी चार, परंतु भरतीची उंची नाही, बांधाची उंची नाही, निवाऱ्याची जागा नाही. कोरे म्हणावे तर कोरेही नव्हे, रकानेच नाहीत. मग दिवाणसाहेब बोलिले, "किनाऱ्याने काही मागितलेच नाही. ज्याने लिहिले नाही त्यास द्यावयाचे नाही, हा कायदा. दगड डोंगराकडील तळ्यांच्या पायऱ्यांस लावू." हे वर्तमान मौजे कांदळठाण येथे पोहोचले, आणि तेथील पाटलीण चांगुणाबाई तडक निघोन राजधानीस आल्या. त्यांचे गावचे बांधास आषाढात चाळीस हात भगदाड पडले होते, तीनशे चाळीस घरे बांधामागे, आणि खारे पाणी एकदा शेतात शिरले म्हणजे तीन वर्षे भात पिकत नाही.

चांगुणाबाई दफ्तरात शिरल्या आणि उभ्यानेच बोलिल्या, "पंत, आमचं पान खाल्लंत की काय?" पंत म्हणाले, "बाई, तुम्हीच लिहिले नसेल. किनाऱ्याचे लोक, जाळे विणाल, अक्षर कसले विणता?" त्यावर बाई म्हणाल्या, "जाळ्याला भोक पडलं तर ते आम्हाला त्याच दिवशी दिसतं. तुमच्या तक्त्याला पडलंय ते चौदा वर्षांत दिसलं नाही वाटतं! मी स्वतः काठी रोवून मोजलंय. भरती साडेआठ हात, बांध नऊ, भगदाड चाळीस. सांगा, कुठं गेलं?" गलबला राणीसाहेबांचे कानी गेला, आणि त्यांनी हवामान खात्यातील नवी कारकून कमळजा, जी शास्त्र शिकोन नुकतीच चाकरीस लागली होती, तिला बोलावून सांगितले की, सभेस नऊ दिवस आहेत, गाव खोटे की दफ्तर खोटे, याचा शोध घेणे. कमळजा म्हणाली, "सरकार, दोघेही खरे असतील. आधी मोजून पाहते."

मग कमळजेने पहिला प्रश्न तो केला की, वस्तू घरी आहे की नाही. खिडकीपाशी फक्त कांदळठाणाचे पान मागितले, आणि पान आले त्यात भरती साडेआठ, बांध नऊ, भगदाड चाळीस, सगळे जेथल्या तेथे. चांगुणाबाई म्हणाल्या, "बघा पंत, अक्षर विणलंय!" पंतांनी चष्मा पुसला आणि पान पुन्हा वाचिले. याउपरी तिने संशय एकेक घेतला आणि एकेक खोडिला. खिडकी पाने पन्नास-पन्नासांचे गठ्ठ्यांनी देते, तेव्हा शेवटला गठ्ठा राहिला असेल. मोजले तो एकशे बाराही हजर. कारकुनास मज्जाव आणि दिवाणास मुभा ऐसे असेल; दिवाणसाहेबांच्या शिक्क्याने मागितले, तरी रकाने नऊच. नाव बदलले असेल, कोणी भरती लिहिली आणि कोणी उधाण; तेही तपासले, एकच नाव सर्वत्र. चार दिवस ऐसे गेले आणि चांगुणाबाई रोज येऊन ओट्यावर बसत आणि विचारीत, "पोरी, सापडलं?" आणि ती म्हणे, "नाही मावशी, पण कुठे नाही ते आणखी एक सापडले." बाई म्हणत, "ते आम्हीही करतो. मासा कुठं नाही ते आधी कळतं."

पाचवे दिवशी कमळजेने सगळे राज्य सोडोन दोन गावांचा तक्ता मागितला. कांदळठाण आणि शेजारचे किनाऱ्याचे गाव घेतले, भरती आली. कांदळठाण आणि राजधानी घेतली, भरती गेली. तिसरे गाव बदलोन पाहिले, चौथे पाहिले, राजधानी आली की भरती जाते, हे बारा वेळा ताडून पाहिले, मग ती उठोन विसाजीपंतांपाशी गेली आणि हात जोडोन म्हणाली, "पंतकाका, यंत्र तक्त्याचे मथळे कशावरून आखते?" पंत म्हणाले, "पहिल्या पानावरून. आणखी कशावरून?" "आणि पहिले पान कोणाचे?" पंत ताठ बसले आणि बोलिले, "राजधानीचे! राज्यात वाढप असो, पालखी असो, यादी असो, पहिला मान राजधानीचा. मी तो यंत्रातही राखिला आहे." तेव्हा उलगडा जाहला. राजधानी डोंगराचे माथ्यावर, समुद्रापासून तीस कोस, तिजला भरती कसली आणि बांध कसला. तिने ते लिहिलेच नाही, आणि खिडकीचा स्वभाव ऐसा की, जे लिहिले नाही त्याचे नावही काढू नये. मग यंत्राने मानाचे पान पाहिले, नऊ मथळे आखिले, आणि पुढील एकशे अकरा गावांनी त्याहून अधिक जे सांगितले ते मथळा नाही म्हणोन गुपचूप टाकून दिले. कोणी चुकले म्हणावे तर कोणी चुकले नाही, आणि दगड मात्र पायऱ्यांस चालला होता.

चांगुणाबाई कडाडल्या, "मग आमचं पान वर ठेवा!" कमळजा म्हणाली, "मावशी, तुमचे वर ठेवले तर भरती येईल, पण डोंगरावरच्या दरडींचा रकाना गळेल. तुम्हास दरड नाही ना?" बाई म्हणाल्या, "नाही. पण ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांची आहे." पंत म्हणाले, "आणि मान? राजधानी खाली ठेवावी काय?" कमळजा म्हणाली, "काका, पहिली ओळ राजधानीचीच राहो. मथळे मात्र सगळ्यांना विचारून आखू. यंत्राने आधी एकशे बारा पाने वाचावी, जितकी नावे भेटतील तितकी गोळा करावी, आणि मग रेघ ओढावी." पंतांनी लेखणी ठेवोन कळफलक ओढून घेतला आणि म्हणाले, "सरक जरा. माझे यंत्र आहे, मीच दुरुस्त करीन." आणि खरेच केले, अकरा ओळींत केले, आणि वर स्वतःहून तपासणीची एक ओळ घातली की, पानांतले एकही नाव तक्त्याबाहेर राहिल्यास यंत्राने थांबावे आणि ओरडावे.

मग पंचमीस सभा भरली आणि नवा तक्ता मांडिला, तो नऊचे तेवीस रकाने जाहले. एकतीस गावांची भरती, त्यांत तेरांचे बांध फुटलेले, सहा गावांच्या दरडी. कमळजेने खुणाही तीन केल्या होत्या: शून्य, लागू नाही, आणि लिहिले नाही. राणीसाहेबांनी विचारिले, "शून्यात आणि न लिहिल्यात एवढा काय भेद?" कमळजा उत्तर जुळवीत होती तो मागून चांगुणाबाई बोलिल्या, "सरकार, बांधापुढं शून्य म्हणजे बांध वाहून गेला. लिहिलं नाही म्हणजे विचारायला कोणी आलं नाही." दिवाणसाहेबांनी तक्ता पुन्हा पाहिला, आणि किनाऱ्याची चार गावे 'लिहिले नाही' या खुणेखाली निघाली, तेव्हा तेच बोलिले, "त्यांस आजच विचारावे. कायदा मीच सांगितला होता. तो आता असा वाचावा की, विचारल्यावाचून नाही म्हणू नये." चारी गावांस विचारिले, त्यांत एकाचा बांध फुटलेला निघाला. तेरा आणि एक चौदा, आणि दगड पुरला.

मग दहा दिवस कांदळठाणी गाड्या लागल्या, आणि भगदाड दोन्ही अंगांनी बुजत आले, आणि विसाजीपंत म्हातारपणी प्रथमच समुद्र पाहावयास गेले, आणि चांगुणाबाईंनी त्यांचे हाती मोजकाठी दिली. पौर्णिमेस उधाण आले, भरती साडेआठ हात तीन बोटे चढली, नव्या दगडास लागली, घटकाभर तेथेच धडका देत राहिली आणि ओसरली. पंतांनी माप स्वतःचे हातांनी लिहिले. दुसरे दिवशी गावचे नवे पान दफ्तरी आले, आणि त्यात चांगुणाबाईंनी कोणी न मागितलेले एक नाव आपणच घातले होते: 'उभे भात', आणि त्यापुढे, 'सगळे'. यंत्राने ते वाचले, थांबले नाही, ओरडले नाही, आणि तक्त्यास चोविसावा रकाना आखिला, आणि एकशे अकरा गावांपुढे लिहिले की, अद्याप लिहिले नाही.

एवंच, गाव खोटे नव्हते आणि दफ्तरही खोटे नव्हते. रेघ आधी ओढली आणि विचारिले मागाहून, इतुकेच जाहले होते. आता आधी विचारितात. मार्गशीर्षापर्यंत त्या चोविसाव्या रकान्यात सदतीस गावांनी आपले लिहिले, बाकीची लिहीत आहेत. इति.