निरभ्र आकाशातला गडगडाट

आपलं नाक मैलभरावरचा गुन्हा हुंगतं, कान भिंतीपलीकडची कुजबुज टिपतात आणि आपल्या मेंदूला सुट्टी अशी नसतेच, असं तो स्वतःबद्दल सांगे. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्याने दारावर पाटी लावली, ‘बहिरी ससाणा, खासगी गुप्तहेर’. त्यातला पहिला शब्द बायकोला मान्य होता. सहायकाचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं, कारण दुसरं कुणी टिकलं नव्हतं.

त्या दुपारी वरच्या मजल्यावरची रेडिओ-निवेदिका खाली आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडायलाच लागली.

“काका, आज पुन्हा पोट वाजलं तर केंद्रप्रमुख मला माइकवरून काढून जुन्या टेपांच्या खोलीत बसवणार आहेत.”

आदल्या संध्याकाळी तिने ‘आकाश निरभ्र राहील’ म्हटलं आणि त्याच क्षणी तिच्या पोटात असा गडगडाट झाला, की अर्ध्या शहराने वाळत घातलेले कपडे आत घेतले. बायकोनेही घेतले होते. चादरी अजून दमट होत्या.

“काय खाल्लं होतंस?” ससाण्याने भिंग काढलं.

“पाव. पण भात खाल्ला, बटाटे खाल्ले तरी तेच. पोट फुगतं, मग वाजतं. गहू सोसत नाही का, दूध पचत नाही का, डॉक्टरांनी सगळं तपासलं. काही निघालं नाही. गाजर नाहीतर सफरचंद खाल्लं, की मात्र पोट चिडीचूप.”

ससाण्याने डोळे मिटले. बायकोने गॅस बारीक केला. आता वेळ लागणार होता.

पहिला संशय बेकरीवाल्यावर गेला. रोज पहाटे उठून काम करणारा माणूस दिवसभर हसतमुख राहतो, म्हणजे काहीतरी लपवतो. पण भाताचा उलगडा होईना, म्हणून तांदूळवाला कटात आला. बटाट्यांसाठी भाजीवाल्यालाही घ्यावं लागलं.

“गाजरंही तोच विकतो,” बायको म्हणाली.

“संशय येऊ नये म्हणून.”

मग त्याला वाटलं, प्रतिस्पर्धी केंद्राचे कार्यक्रमच हिच्या पोटात लागत असावेत. त्याने तिला खिडकीकडे तोंड करून उभं केलं आणि अँटेनासारखे हात वर करायला लावले. काही ऐकू आलं नाही. तेव्हा तो पिशवी घेऊन पुरावा गोळा करायला बाहेर पडला.

पोरगी हात वर करून तशीच उभी होती. बायकोला तिची दया आली. तिने तिला बसवलं, पाव आणि उकडलेले बटाटे वाढले आणि मीठ आणायला वळली. मीठ घेऊन आली तर ताटली रिकामी.

“अगं, चावलंस कधी?”

“सवय झालीये, काकू. ड्युटीवर एक गाणं लावायचं आणि तेवढ्यात जेवायचं. गाणं संपलं, की बोलायचं असतं ना.”

“म्हणजे मऊ असेल ते नुसतं गिळतेस. सोबत वाराही गिळत असशील. गाजर गिळता येत नाही, म्हणून तेवढं चावतेस.”

निवेदिकेने रिकाम्या ताटलीकडे पाहिलं.

“आज ड्युटीला जायच्या आधीचं जेवण इथेच, माझ्यासमोर. घास मी मोजणार नाही, पण तोंड हलताना दिसलं पाहिजे.”

ससाणा परतला तेव्हा ती निमूटपणे चावत होती. बायकोने त्याला सगळं सांगितलं. इतकं साधं कारण त्याला पटेना. स्टुडिओत पहारा द्यायचं त्याने जाहीर केलं आणि निघायची वेळ झाली म्हणून पिशवीतले चार पाव, घरातले उरलेले उकडलेले बटाटे आणि डबाभर भात हा सगळा पुरावा उभ्याउभ्या तपासून संपवला.

संध्याकाळी बायकोने चादरी पुन्हा वाळत घातल्या आणि रेडिओ लावला.

“आकाश निरभ्र राहील,” निवेदिकेचा आवाज आला. मग शांतता. मग गडगडाट झाला, कालच्यापेक्षा मोठा.

गल्लीभर खिडक्या उघडल्या, लोक दोऱ्यांकडे धावले. बायकोही उठली, पण जागीच थांबली. गडगडाटाच्या शेवटी एक बारीक शीळ होती.

रेडिओवर दार आपटलं. “बाई, पुन्हा?” केंद्रप्रमुख असावेत.

“माझं नाही, साहेब. त्या कोपऱ्यातून आलं.”

पुन्हा गडगडलं. पुन्हा शीळ.

“या गृहस्थांना बाहेर न्या. बाई, तुम्ही वाचा पुढे.”

बायको परत खाली बसली. ती शीळ ती लग्नापासून ऐकत आली होती. गल्लीत कपड्यांची पळापळ चालली होती, तिच्या चादरी दोरीवर आरामात वाळत होत्या.