हात बाजूला!

भागवत अण्णा घरातला मिक्सर सुरू करण्याआधी ओरडतात, "हात बाजूला!" त्यांच्या पत्नी तेव्हा अंगणात असतात, तरी अण्णा ओरडतात. तीन सेकंद थांबतात, आजूबाजूला पाहतात आणि मग बटन दाबतात. पाण्याच्या मोटारीलाही तेच. कोल्हारच्या आमच्या गल्लीत नवा पाहुणा दचकतो. आम्ही हातातलं काम ठेवून दोन्ही हात वर करतो.

नागापूरच्या एका कारखान्यात अण्णांनी तीस वर्षं पत्रा दाबायची प्रेस चालवली. निवृत्तीनंतर ते गावी आले. गेल्या महिन्यात त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला, तो स्वतःसाठी नाही, रामनाथकाकांसाठी. काका त्यांचे कारखान्यातले सोबती, दोन घरं पलीकडे राहतात. कारखान्याच्या गणपतीत त्यांनी लिहिलेली नाटुकली व्हायची. पुढे उजव्या हाताची तीन बोटं प्रेसमध्ये गेली आणि पेन सुटलं.

"टाइप तर करंल," अण्णा म्हणाले.

कॉम्प्युटरमधली जुनी सिस्टीम कुण्या कारकुनाचा पासवर्ड मागत होती. हा कारकून कोण, कुणालाच माहीत नव्हतं. मी बातमीदार, म्हणजे मला सगळं कळतं, असा अण्णांचा समज. मी पेनड्राइव्हवर नवी सिस्टीम भरून नेली. "हात बाजूला!" झालं. अण्णांनी बटन दाबलं. मशीनचा आवाज स्थिरावल्यावर ते म्हणाले, "आता लावा हात." पेनड्राइव्हवरून सुरू करायची यादी यावी म्हणून मी एफ बारा दाबला. पडद्यावर कारकून हजर.

पुढचे चार दिवस मला काही उमगलं नाही. पेनड्राइव्ह पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत लावला. जुन्या मशीनला चालेल अशा पद्धतीनं पुन्हा भरला. कीबोर्ड बदलला. माझ्या लॅपटॉपवर तोच पेनड्राइव्ह मुकाट चालायचा. इथे कारकूनच.

"पत्रकार, तुमचं हे कांडकं मेलंय."

"अण्णा, घरी चालतंय."

"मग हितं काय लाजतंय?"

पाचव्या दिवशी रामनाथकाका येऊन शेजारी बसले. एक फेरी त्यांनी नुसती पाहिली.

"ते एफ बारा कवा दाबायचं?"

"बटन दाबल्या दाबल्या. दोन-तीन सेकंदांत."

"आन् तवा तुमचे हात कुठं असत्यात?"

मी पाहिलं. हात वर होते. चार दिवस वरच होते.

मी अण्णांना समजावलं, की मशीन सुरू होतानाच कीबोर्डवर बोट हवं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ प्लग उपटला.

"मशीन सुरू व्हताना हात? माझ्या बटनावर न्हाई. ऱ्हाऊ द्या तो कॉम्प्युटर."

काकांनी वाकून प्लग परत लावला. उजवा हात, उरलेल्या दोन बोटांचा, कीबोर्डवर ठेवला.

"भागवता, त्या दिवशी प्रेस चालू करताना तू आवाज दिला न्हवता. आज सांगून दाब."

अण्णांचा अंगठा बटनावर गेला, मागे आला, पुन्हा गेला. ते ओरडले नाहीत.

"रामनाथ, दाबतोय रं."

"दाब."

काकांनी एफ बारा टकटक, टकटक हाणला. पडद्यावर यादी आली. दुसऱ्या ओळीत आमचा पेनड्राइव्ह होता. मी दाखवायला वळलो, तर अण्णा पडद्याकडे पाहतच नव्हते. त्यांनी काकांचा तो हात आपल्या दोन्ही पंजांत घट्ट धरला होता.

"अरं सोड," काका म्हणत होते, "एंटर दाबायचं ऱ्हायलंय."