दोन पंखांच्या आड

आमच्या गंगापूर रोडच्या कॉलनीत भालेराव काका सरळ रस्त्यावर फियाट वाकडीतिकडी चालवत. समोर चिटपाखरू नसलं, तरी गाडी आधी डावीकडे, मग उजवीकडे. नवखा माणूस काही निमित्त काढून त्यांच्या तोंडाचा वास घेऊन जाई. काका तर सुपारीलाही शिवत नसत.

त्यांचा जन्म एकावर एक पंख असलेली जुनी विमानं उडवण्यात गेला. जमिनीवर त्या विमानाचं नाक वर असतं, समोरचं काही दिसत नाही. म्हणून नागमोडी जायचं आणि बाजूने डोकावत राहायचं. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. भाजीवालीपासून जावयापर्यंत सगळ्यांना त्यांचं एकच सांगणं, "दिसत नाही म्हणजे नाही, असं समजू नका."

एकदा इथल्या एका हौशी मंडळाने जुन्या विमानांच्या कसरती ठेवल्या. दोन विमानं जोडीने उडणार होती. काकांनी मंडळाकडे चपला झिजवल्या. मागच्याने खालून येऊ नये, म्हणाले. वरच्या वैमानिकाला आपलाच खालचा पंख आड येतो, खालच्याला आपलाच वरचा, दोघेही आंधळे. मंडळाने गंभीरपणे विचार केला आणि काकांचा सत्कार ठरवला. आपल्याकडे ज्याचं ऐकायचं नसतं, त्याला शाल-श्रीफळ देतात.

काका मंचावर नारळ धरून बसले होते आणि मागचं विमान खालूनच आलं. काका ताडकन उठले. म्हातारा आभाराचं भाषण करणार, या भीतीने शेजारच्या पुढाऱ्याने त्यांना खांदा दाबून बसवलं. हातभर अंतर उरलं असताना खालच्याने कशीबशी डुबकी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी 'वन्स मोअर' दिला. मला त्या सगळ्यांची किळस आली.

परतताना काकांनी नारळ माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "आमच्या वेळी टाळ्या नाही वाजल्या. दिघे माझ्या खाली होता."

त्या अपघाताच्या चौकशीत काकांना निर्दोष ठरवलं होतं. दिघे दिसणं शक्यच नव्हतं, असा निकाल होता.

"पण तो गंमत म्हणून खालून येतो, हे मला माहीत होतं," काका म्हणाले. "मी जरा कलून बघायला हवं होतं."

कॉलनीत मी कुणाला हे सांगितलं नाही. तिथे अजून हसतात. मी मात्र हल्ली काकांच्या शेजारी बसतो आणि माझ्या बाजूचं बघून सांगतो, "डावीकडे कुणी नाही, काका."

ते गाडी हळू करतात. "नीट बघितलंस?"