आठ दिवसांचा अबोला

डब्याने बोलणं बंद केलं, त्याला पंधरवडा होत आला होता. डबा म्हणजे बुटांच्या खोक्याएवढा उपग्रह, तीन वर्षं खपून बनवलेला. साहेब तेवढे त्याला बाळ म्हणत. दोष त्याच्या पोटातल्या संगणकाचाच, हे सगळ्या खोलीने ठरवून टाकलं होतं. त्या संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारा संगणकवाला कोपऱ्यातल्या टेबलाशी तोंड पाडून बसे. महिनाअखेरीस गच्चीवरची अँटेना दुसऱ्या विभागाला जायची होती. त्याआधी डबा बोलला नाही, तर काम कायमचं बंद.

"पुन्हा हाक मारा," साहेब म्हणत, आणि ऑपरेटरबाई बटण दाबत. आधी दिवसातून एकदा हाक जायची, मग डबा डोक्यावरून जाईल तेव्हा दर वेळी, मग दर वेळी दहादा. शेवटी सिग्नलचा जोर दुप्पट केला. आकाश ढिम्म.

संगणकवाल्याच्या घरीही तीच तऱ्हा होती. लग्नाचा वाढदिवस विसरल्यापासून बायकोने अबोला धरला होता. "अगं, काय झालं?" हे त्याने दारातून विचारलं, मोरीतून विचारलं, ऑफिसातून फोन करून विचारलं. अखेर ती कडाडली.

"तुम्ही विचारायचं थांबलात ना, की मी बोलेन! दर वेळी विचारता आणि माझा राग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो."

संगणकवाला जेवता जेवता थांबला. ताट तसंच टाकून तो ऑफिसला पळाला.

"साहेब, डब्याला आपलं सगळं ऐकू येतंय!"

"मग बोलत का नाही?"

"त्याच्या रेडिओचा कान शाबूत आहे, तोंड गेलंय. दुसरा रेडिओ आहे की त्याच्याकडे. पण मी नियम घातलाय, आठ दिवस खालून हाक आली नाही, तरच पहिला बिघडला समजायचं आणि दुसरा लावायचा. कान गेला असता, तर एव्हाना दुसरा लागला असता. आपण रोज बोंबलतोय. तो म्हणतो, सगळं ठीक आहे."

"अरे, मग सांग ना त्याला, दुसरा लाव म्हणून!"

"तशी आज्ञाच ठेवलेली नाही. चुकून कुणी बदलेल, असं तुम्हीच म्हणाला होतात."

साहेबांनी विषय बदलला. "मग आता करायचं काय?"

"काही नाही. आठ दिवस गप्प बसायचं."

महिना संपायला नऊ दिवस होते. ऑपरेटरबाईंनी बटणावर खोकं उपडं घालून चिकटपट्टी लावली. खोलीत माणसं उगाचच कुजबुजत बोलू लागली. चौथ्या दिवशी घरी बायको आपणहून म्हणाली, "वाढू का?" त्या दोन शब्दांनी संगणकवाल्याला इतका धीर आला, की तो पोटभर जेवला.

हाल साहेबांचे होते. डब्याची वेळ झाली की ते खिडकीशी जाऊन वर बघत बसत.

"एकटं वाटत असेल रे त्याला."

"साहेब, संगणक आहे तो."

"असू दे."

आठवा दिवस उलटला. सगळे कानात प्राण आणून बसले. काही नाही. नवव्या दिवशी सकाळीही काही नाही. संगणकवाल्याने प्रोग्रॅम पुन्हा वाचला. नियम जागच्या जागी होता. मग त्याचं लक्ष खोक्याकडे गेलं. चिकटपट्टी नवी होती. साहेब आपल्या बुटांकडे बघत होते.

"साहेब, तुम्ही हाक मारलीत?"

"मी? छे! हाक कशाला मारू?"

"साहेब."

"हाक नाही मारली. परवा सगळे जेवायला गेले होते, तेव्हा फक्त एवढंच कळवलं, की बाळा, घाबरू नकोस, आम्ही मुद्दाम गप्प आहोत."

ऑपरेटरबाईंनी कपाळाला हात लावला. परवापासून आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले होते, आणि अँटेना आजच जायची होती.

दुपारी दुसऱ्या विभागाची माणसं आली आणि अँटेनाचे नटबोल्ट सोडवू लागली. साहेब आणि संगणकवाला गच्चीच्या कठड्याशी उभे होते.

"आता तर हाक मारणारं कुणी नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे काही दिवसांनी तो नक्की बोलेल?"

"नक्की बोलेल, साहेब."

"आणि ऐकणार कोण?"

संगणकवाला वर आकाशाकडे बघू लागला. साहेबांनी, पहिल्यांदाच, पुन्हा विचारलं नाही.